बाटलीवर नाव कोणाचं? ओबचे बागायतदार, शॅम्पेन आणि गाईचं शिंग

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जण मनातल्या मनात हसले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस वाइनवर काय बोलणार? चवीबद्दल आम्ही एक अक्षरही बोलणार नाही, निश्चिंत असा. आम्हाला रस आहे तो दोन प्रश्नांत. एक, पीक काढणाऱ्याचं नाव मालावर यायला किती काळ आणि किती भांडण लागतं? आणि दोन, एखादा शेतकरी ज्या कारणासाठी एखादी गोष्ट करतो ते कारण आपल्याला पटत नसेल, तरी त्याची शेती चांगली असू शकते का? हे दोन्ही प्रश्न फ्रान्समधल्या एका छोट्या गावातल्या एका कुटुंबाच्या फेसाळ वाइनमध्ये एकत्र आले आहेत. गाव कुर्तरों. कुटुंब फ्लरी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते तिथे द्राक्षं लावत आहेत.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नावाचा जिल्हा आहे. त्यात रॅन्स आणि एपर्ने ही दोन शहरं. शॅम्पेनच्या मोठ्या पेढ्या इथल्या. आम्ही मुद्दाम पेढी म्हणतो आहोत, कारण ते मुळात व्यापारी. द्राक्षं विकत घ्यायची, रस मिसळायचा, बाटली भरायची, नाव आपलं लावायचं. आता एपर्नेपासून दक्षिणेकडे शंभर किलोमीटरहून जास्त खाली या. ओब जिल्हा लागतो. जमीन बदलते. मार्नमध्ये खडू, इथे चुनखडी मिसळलेली किमरिजियन चिकणमाती, जी शेजारच्या शाब्लीमध्ये आहे. कुर्तरोंहून शाब्ली एपर्नेपेक्षा जवळ पडतं. मग ओबच्या द्राक्षांना शॅम्पेन म्हणायचं का?

इतिहास विचाराल तर हा प्रश्नच हास्यास्पद आहे. ओबमधलं त्रुआ शहर ही शॅम्पेनच्या सरदारांची जुनी राजधानी. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपभरचे व्यापारी ज्या शॅम्पेनच्या जत्रांना जात, त्यातल्या दोन जागा, त्रुआ आणि बार-स्युर-ओब, याच जिल्ह्यातल्या. उद्या कोणी हुकूम काढला की 'देश' म्हणजे फक्त सातारा आणि सांगली, पुणं त्यात येत नाही, तर पुणेकर काय म्हणतील? (काय म्हणतील ते इथे सांगण्यासारखं नाही.) पण 17 डिसेंबर 1908 ला फ्रेंच सरकारने असाच हुकूम काढला. शॅम्पेन म्हणजे मार्न आणि शेजारच्या एन जिल्ह्याचा काही भाग. ओब बाहेर.

हे का झालं, ते नीट समजून घेऊ, कारण यात मार्नचे बागायतदार खलनायक नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या वेलींची मुळं खाल्ली. शॅम्पेनमध्ये ती 1890च्या सुमाराला पोचली. उपाय एकच होता, अमेरिकी खुंटावर युरोपी वेलीचं कलम. आपल्याकडे नाशिक-सांगलीला डॉगरिज खुंटावर कलम करतात, त्याचं कारण वेगळं, पाण्याची टंचाई आणि जमिनीतले क्षार. पण तंत्र तेच. जुने वेल उपटायचे, नवे लावायचे, फळ धरेपर्यंत काही वर्षं थांबायचं आणि तोवर कर्ज काढायचं. अशा वेळी पेढ्यांनी काय केलं? दक्षिण फ्रान्समधून आणि लवार नदीकाठून स्वस्त रस आणला, त्यात फेस आणला आणि वर शॅम्पेनचं लेबल चिकटवलं. बागायतदार उपाशी, पेढीचा व्यवहार चालू. म्हणून मार्नच्या बागायतदारांनी मागणी केली की हद्द आखा. हद्द आखली गेली. पण आखताना ओबवाल्यांना बाहेर ठेवलं. दोन गरिबांची भांडणं अशीच लागतात.

1910 चं पीक तर जवळपास बुडालंच. जानेवारी 1911 मध्ये मार्नमधल्या दामरी आणि ओविले या गावांत बागायतदारांनी बाहेरचा रस आणणाऱ्यांचे माल लुटले, पिंपं नदीत आणि रस्त्यावर ओतली. मग ओब पेटलं. मार्च-एप्रिलमध्ये तिथले लोक खांद्यावर कुदळी घेऊन मोर्चे काढू लागले, कराचे कागद जाळू लागले, गावोगावच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. 9 एप्रिलला त्रुआमध्ये हजारो लोक जमले. सरकार घाबरलं. 11 एप्रिलला सेनेटने हद्द रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. ही बातमी पोचताच मार्नवाले उठले. एपर्नेजवळ एक गाव आहे, त्याच्या नावाचा उच्चार आपल्या मराठी 'आई' या शब्दासारखाच होतो. त्या गावात 12 एप्रिलला पेढ्यांच्या इमारती जाळल्या, तळघरं फोडली. घोडदळ आलं. गंमत बघा, एकाच महिन्यात एकाच प्रश्नावर दोन जिल्हे उठले, आणि दोघांची मागणी एकमेकांच्या नेमकी उलट होती.

तडजोड जूनमध्ये निघाली. ओबला नाव मिळालं, 'शॅम्पेन, दुसरा विभाग'. दुसरा! म्हणजे घरात घेतलं, पण पंगतीला बाहेरच्या पडवीत बसवलं. हा डाग 22 जुलै 1927 च्या कायद्याने पुसला गेला. तेव्हापासून ओब पूर्णपणे शॅम्पेन आहे. त्याच कायद्याने तिथे पसरलेल्या गामे जातीच्या द्राक्षाला मुदत देऊन निरोप दिला, त्यामुळे ओबला पुन्हा नवी लागवड करावी लागली. हक्क मिळाला, त्याचा खर्चही बागायतदाराने भरला.

आता फ्लरींकडे येऊ. कुटुंबाची हकीकत अशी की 1901 मध्ये एमिल फ्लरी यांनी कलम केलेली पिनो न्वार लावली. फिलॉक्सेरानंतर त्या भागात असं करणाऱ्या पहिल्यांपैकी ते एक. पुढे 1929. जगभरची मंदी आली, द्राक्षांचे भाव कोसळले, पेढ्यांनी खरेदी आखडली. रोबेर फ्लरी यांच्यापुढे दोन वाटा होत्या. मिळेल त्या भावाने द्राक्षं द्यायची, किंवा स्वतःच वाइन करून बाटलीत भरायची. त्यांनी दुसरी वाट धरली. आम्हाला ही घटना 1911 च्या दंग्यापेक्षा मोठी वाटते. दंग्याने 'शॅम्पेन' हा शब्द मिळाला, पण शब्द मिळाला तरी बाटलीवर नाव पेढीचंच होतं. 1929 मध्ये एका शेतकऱ्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

हे किती अवघड आहे हे कळायला शॅम्पेन कशी होते ते थोडक्यात सांगावं लागेल. द्राक्षं हाताने तोडतात. 4,000 किलो द्राक्षांतून 2,550 लिटरच रस काढायची परवानगी आहे. तो आंबवून साधी, चांगलीच आंबट वाइन होते. मग ती बाटलीत भरतात, आणि प्रत्येक लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतमध्ये पुन्हा आंबवण होते. वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्ये विरघळतो. दाब होतो सहा वातावरणांइतका, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. यीस्ट मरतं, त्याचा साका बाटलीत बसतो. साधी शॅम्पेन बाटलीत किमान 15 महिने राहायलाच हवी, वर्षाचं नाव लावायचं असेल तर तीन वर्षं. शेवटी बाटल्या हळूहळू उलट्या करून साका तोंडाशी आणायचा, तो काढून टाकायचा, आणि मग बूच. नारायणगावला 1980च्या दशकात फ्रेंच पेढीच्या तांत्रिक मदतीने अशीच फेसाळ वाइन तयार झाली आणि परदेशी 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे वेळ. द्राक्षं विकणाऱ्याला पैसा त्याच हंगामात मिळतो. बाटली भरणाऱ्याला दीड ते चार वर्षांनी. तेवढा काळ घर चालवायचं कशावर? तळघर, दाबयंत्र, बाटल्या, बुचं कोणाच्या पैशाने? म्हणून तर आजही चित्र असं आहे की शॅम्पेनच्या सुमारे 34,000 हेक्टरपैकी जवळपास नव्वद टक्के जमीन बागायतदारांची, पण विकल्या जाणाऱ्या दर दहा बाटल्यांतल्या सात पेढ्यांच्या. आपल्याकडच्या ऊस किंवा कांदा उत्पादकाला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

इथवर अर्थकारण झालं. आता गाईचं शिंग.

पुढच्या पिढीतले ज्याँ-पिएर फ्लरी यांनी 1970 च्या आसपास रासायनिक तणनाशकं आणि खतं सोडायला सुरुवात केली. त्या काळात शॅम्पेनच्या बागांत काय चाललं होतं ते ऐका. खत म्हणून पॅरिसचा कचरा गाड्या भरभरून आणून वेलींखाली पसरत. कचरा कुजे, प्लास्टिक कुजत नसे. निळ्या पिशव्यांचे तुकडे आजही काही बागांत मातीतून वर येतात. जगातल्या महाग वाइनपैकी एक आणि तिच्या मुळाशी शहराचा उकिरडा. अशा वातावरणात फ्लरींनी 1989 मध्ये काही तुकड्यांवर बायोडायनॅमिक शेती सुरू केली आणि 1992 पर्यंत सगळी बाग त्यावर आणली. शॅम्पेनमध्ये ते या वाटेने जाणारे पहिले मानले जातात. पंगतीत बाहेर बसवलेल्यांच्या घरातून हे निघालं, ही नोंद करून ठेवावी.

बायोडायनॅमिक म्हणजे काय? रुडॉल्फ स्टायनर हा ऑस्ट्रियन विचारवंत. रोस्टॉक विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट, 1891 ची. म्हणजे आमच्याच जातकुळीचा. गटेच्या विज्ञानविषयक लेखनाचं संपादन त्याने केलं. पुढे तो थिऑसॉफीत गेला, जर्मन शाखेचा सरचिटणीस झाला, आणि कृष्णमूर्तींना जगद्गुरू ठरवण्याच्या प्रकरणावरून ॲनी बेझंट यांच्याशी बिनसल्यावर त्याने स्वतःची चूल मांडली. जून 1924 मध्ये, मृत्यूच्या जेमतेम नऊ महिने आधी, त्याने कोबरविट्झ इथे शेतीवर आठ व्याख्यानं दिली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. यजमान काउंट कायझरलिंक एका साखर कंपनीच्या बीटच्या जमिनींची व्यवस्था बघत. आपल्या साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी डोळ्यांसमोर आणा, फक्त तो काउंट आहे.

स्टायनरचं म्हणणं असं की शेत हा एक सजीव देह आहे. त्याला लागणारं सगळं, खत, चारा, जनावर, शक्यतो त्याच्यातच निर्माण व्हावं. इथपर्यंत कोणीही मान डोलवेल. पुढे तो सांगतो की गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरा, वसंतात काढा, मूठभर घेऊन पाण्यात तासभर एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने भोवरा करत ढवळा आणि शेतावर शिंपडा. दुसऱ्या शिंगात गारेची भुकटी, ती उन्हाळ्यात पुरायची. यारो नावाची फुलं हरणाच्या मूत्राशयात. ओकची साल जनावराच्या कवटीत. पुढे मारिया थुन या बाईंनी चंद्राच्या राशीनुसार मुळाचे, पानाचे, फुलाचे, फळाचे दिवस ठरवणारं पंचांग तयार केलं. आपल्याला पंचांग नवीन नाही, त्यामुळे आपण एकतर लगेच हसतो, नाहीतर लगेच हात जोडतो. आम्ही दोन्ही करू इच्छित नाही.

एक विसंगती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टायनर मद्याच्या विरोधात होता! आत्मिक विकासाला दारू घातक, असं त्याचं स्पष्ट मत. आणि आज त्याच्या नावाने सर्वांत जास्त बोलबाला कशाचा असेल तर वाइनचा. दुसरी विसंगती अधिक खोल. शेत स्वयंपूर्ण देह असावा, हे तत्त्व. पण शॅम्पेनला फेस हवा तर बाहेरून साखर आणायला हवी. काही बागायतदार त्यासाठी द्राक्षरसापासून काढलेली साखर वापरतात, हे खरं. तरी वेलीपासून पेल्यापर्यंत मध्ये इतका मानवी खटाटोप असलेलं दुसरं पेय सापडणं कठीण.

मग यातलं खरं किती? स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ 1978 पासून एक प्रयोग चालू आहे. एकाच रानात बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचे वाफे शेजारी शेजारी. 21 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. सेंद्रिय पद्धतींत उत्पन्न सुमारे 20 टक्के कमी. पण मातीतले गांडूळ, सूक्ष्मजीव, मातीची घडण स्पष्टपणे चांगली. बरं, यात शिंगाचा वाटा किती? कॅलिफोर्नियात मर्लो द्राक्षाच्या एका मळ्यात नेमकं हेच पाहिलं गेलं. दोन्ही बाजूंना कंपोस्ट, दोन्हीकडे रसायन नाही, फरक फक्त स्टायनरच्या मिश्रणांचा. सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक दिसला नाही.

इथे आपलं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. घडा होतो तेव्हा त्याची कारणं कोणती? माती, चाक, चाक फिरवायचा दांडा, कुंभार. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही तिथे होतं. पण नैयायिक म्हणतो, गाढव 'अन्यथासिद्ध' आहे. त्याच्याशिवायही घडा झाला असता, माती डोक्यावरून आणता आली असती. विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात अन्यथासिद्धाचे पाच प्रकार आहेत, त्यातलं पाचवं उदाहरण हे गाढव. आमचं मत स्पष्ट आहे. गाईचं शिंग हे या व्यवहारातलं गाढव आहे. ग्रहांची शक्ती शिंगातून मातीत उतरते, यावर आमचा विश्वास नाही.

पण गाढव हाकलून देण्याआधी ते काय वाहत होतं ते बघा. हे मिश्रण शिंपडायला माणसाला बागेत जावं लागतं, कधी भल्या सकाळी, कधी संध्याकाळी. ढवळायला तासभर एका जागी उभं राहावं लागतं. पंचांग पाळायचं तर आकाशाकडे, पानाकडे, मातीच्या वासाकडे लक्ष द्यावं लागतं. ट्रॅक्टरवरून रसायन फवारणाऱ्याला हे करावं लागत नाही. कोणी म्हणेल, मग शिंगाशिवाय जा ना बागेत! जाता येतं, तत्त्वतः. व्यवहारात माणूस विधीशिवाय रोज जात नाही. वारकरी विठ्ठलासाठी चालतो. प्रकृतीसाठी रोज चाला, असं डॉक्टर सांगतो तेव्हा तो चारच दिवस चालतो.

याच 1924 सालाची आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या घरची. त्या वर्षी होळकरांच्या इंदूरमध्ये वनस्पती उद्योग संस्था निघाली आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. भारतीय शेतकऱ्याकडून शिकत, कापसाची धांडं, पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन खत करायची पद्धत त्यांनी बसवली. तीच पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. 1931 मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं तेव्हा लेखक दोन होते: हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगातल्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. वाड यांचं? आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? बाटलीवर नाव कोणाचं, हा प्रश्न फक्त फ्रान्सचा नाही. हॉवर्ड यांना स्टायनरच्या अनुयायांचं म्हणणं पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. इंदूरच्या खड्ड्यात शिंग नव्हतं, आणि खत उत्तम होत होतं.

शेवटचा मुद्दा, आणि तो सुखाचा नाही. द्राक्षबागेचे दोन मोठे शत्रू, डावण्या आणि भुरी. सांगलीच्या बागायतदाराची झोप जे उडवतात तेच शॅम्पेनमध्येही. भुरीला गंधक चालतं. डावण्याला बायोडायनॅमिक शेतकऱ्याकडे खरं औषध एकच, तांबं. म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. तांबं कुजत नाही, ते मातीत साठतं आणि गांडुळांना बाधतं; जी माती जपण्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो. सरासरी वर्षाला चार. कोरड्या वर्षी पुरतं. 2021 मध्ये शॅम्पेनमध्ये आधी वसंतातल्या गारठ्याने कोंब जाळले, नंतर पावसाळी उन्हाळ्यात डावण्या पसरला आणि बऱ्याच बागा रिकाम्या झाल्या. रासायनिक शेती करणाऱ्याकडे झाडाच्या आत जाणारी औषधं होती. तांब्यावर अवलंबून असलेल्याचं तांबं पावसाने धुऊन गेलं की पुन्हा फवारायचं, पुन्हा धुऊन जायचं, आणि हिशेबातले किलो संपत जायचे. अशा वेळी छोट्या कुटुंबाला वाचवतं ते तळघर: आधीच्या चांगल्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन. 1929 मध्ये रोबेर फ्लरी यांनी बाटल्या भरायला घेतल्या नसत्या तर राखायला काही उरलंच नसतं.

पुढच्या वेळी कुठे शॅम्पेनची बाटली हातात आली, परदेशी असलेल्या मुला-नातवंडांकडे का होईना, तर पिऊ नका हवं तर, पण लेबल वाचा. खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत, एका क्रमांकाच्या आधी, दोन रोमन अक्षरं असतात. 'एनएम' असेल तर ती पेढीची. 'आरएम' असेल तर ज्याने द्राक्षं पिकवली त्यानेच ती केली. आता प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या.